पेलिकनच्या तळघरातली शिट्टी

होरेस टिलबीचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ होतं, पण ते वाजायच्या दोन मिनिटं आधी उठून होरेस ते बंद करायचा आणि त्याबद्दल स्वतःचंच कौतुक करत चहाचं आधण ठेवायचा. बायको नोरा अंथरुणातून म्हणायची, "घड्याळाला हरवून तुला काय मिळतं रे? ते बिचारं पगारसुद्धा घेत नाही." लॅम्बेथमधल्या दोन खोल्यांतून निघून, हंगरफर्डच्या पादचारी पुलावरून नदी ओलांडून, पावणेसहाला तो सेंट मार्टिन्स लेनमागच्या बोळात पोचायचा. तिथं पॅरागॉन थिएटरच्या भिंतीला भिंत लावून 'पेलिकन' पब उभा होता. १९५७ सालच्या त्या उन्हाळ्यात त्याच्या तळघरात होरेसला सव्वीस वर्षं पुरी झाली होती.

पेलिकन किती जुना ते दारावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. मात्र पाटी रंगवली की आकडा थोडा मागे जायचा. होरेसच्या देखत पब चाळीस वर्षांनी म्हातारा झाला होता. वर नक्षीच्या काचा, आरसे आणि मेलेल्या नटांचे फोटो. खाली विटांची कमान, ओली फरशी, लाकडी घोड्यांवर आडवी निजवलेली बारा पिंपं आणि होरेस.

लोकांना वाटतं पिंपाला तोटी लावली की बिअर येते. येते, पण ती गढूळ असते, आणि फसफसून छताला लागते. पिंप आलं की त्याला दोन दिवस हलवायचं नाही. मग वरच्या भोकात मऊ लाकडाची खुंटी ठोकायची. तिच्यातून पिंप श्वास सोडतं, वर फेस येतो. तो पुसायचा. खुंटी भिजली की बदलायची. फेस थांबला की कठीण लाकडाची खुंटी मारून श्वास बंद करायचा. मग तोटी लावायची, मोगरीच्या एका घावात. दोन घाव घालणारा माणूस होरेसच्या मते तळघरात नव्हे, बँकेत असायला हवा होता. स्वतः होरेसनं सव्वीस वर्षांत किती वेळा दुसरा घाव घातला ते छतावरच्या डागांवरून कुणीही मोजू शकलं असतं, पण तिथं वर बघायला होरेसशिवाय कुणी यायचं नाही.

या कामाला एक अट होती. पेलिकनचे मालक बार्नबी क्रॅडक यांनी त्याला कामावर ठेवलं तेव्हा विचारलं होतं, "शिट्टी येते?"

"येते, साहेब."

"मग उद्यापासून ये. खाली असशील तोवर शिट्टी वाजत राहिली पाहिजे. थांबली की मी वरून पाय आपटणार."

होरेसच्या आधीचा माणूस एका सकाळी तोटीखाली सापडला होता, उताणा, तोंड उघडं. क्रॅडकसाहेबांचं म्हणणं सरळ होतं. ज्याचे ओठ शिट्टीत अडकलेत त्याच्या ओठांना पेला लागत नाही. होरेसला ते पटलं. इतकं पटलं, की १९४६ साली क्रॅडकसाहेब वारले आणि पब त्यांच्या बायकोकडे आला, तरी त्यानं एक दिवस खंड पाडला नाही. त्याला दीडच चाल यायची. बापाकडून ऐकलेलं एक खलाशांचं गाणं पूर्ण, आणि एक भजन अर्ध्यापर्यंत. गाण्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक लांब सूर आणि एक आखूड सूर होता, आणि तो आखूड सूर आपण फार नजाकतीनं सोडतो असं होरेसचं मत होतं. हे मत दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"किटली बरी," नोरा म्हणायची. "ती निदान चहा झाल्याची वर्दी देते."

मधूनच पिंप उचलताना दम लागून शिट्टी थांबली तर वरून धप्प असा आवाज यायचा. क्रॅडकसाहेब गेल्यावरही यायचा. बाईंचं लक्ष आहे, हे होरेसला बरं वाटायचं. तो पुन्हा सुरू करायचा.

पलीकडच्या पॅरागॉनमध्ये मात्र शिट्टी म्हणजे अपशकुन. नाटकाच्या माणसासमोर शिट्टी वाजवली तर तो पांढरा पडतो. जुन्या काळी पडदे खालीवर करणारे लोक जहाजावरून आलेले खलाशी असत, दोरांची कामं त्यांनाच जमायची, आणि ते एकमेकांना शिट्टीनं खुणा करत. मध्येच कुणी हौशीनं शिट्टी घातली की डोक्यावर पडदा यायचा. आता खुणांसाठी लाल-हिरवे दिवे आले होते, पण भीती राहिली होती. पॅरागॉनचे बॅकस्टेजचे तेवीस कामगार म्हणजे पेलिकनची रोजची गिऱ्हाइकं. वर बसून ते बिअर प्यायचे, खाली होरेस शिट्टी वाजवायचा, आणि मध्ये जाड लाकडाची जमीन व बारमधला गलका असायचा. थिएटरच्या बाजूला दोन फूट जाडीची भिंत. सव्वीस वर्षं कुणाला काही कळलं नाही.

मग होरेसचे दात गेले.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत डॉक्टरनं वरचे सगळे काढले. त्या काळी पन्नाशीच्या माणसाचे दात काढणं म्हणजे जुना पत्रा उतरवण्यासारखं होतं, कुणी फार विचार करायचं नाही. हिरड्या सुकायला तीन महिने लागतील, मग कवळी, असं त्यानं सांगितलं. होरेस दुसऱ्या दिवशी कामावर गेला, तळघराचा जिना उतरला, ओठांचा चंबू केला आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. थोडी थुंकी आली. वरून धप्प आवाज आला.

होरेसच्या पाचावर धारण बसली. तो पायऱ्या चढून वर गेला. मिसेस क्रॅडक बारपाशी उभ्या होत्या. साठीच्या, उंच, बाही कोपरापर्यंत वर केलेली.

"बाई, दात नाहीत. शिट्टी येत नाही."

"बरं," बाई म्हणाल्या.

"तीन महिने येणार नाही."

"लागू देत की तीन महिने. चार लागू देत. घाई करू नकोस, होरेस."

होरेस खाली आला आणि पिंपावर बसला. तो पिंपावर कधी बसत नसे, त्यानं गाळ हलतो. घाई करू नकोस, याचा अर्थ त्याला स्वच्छ कळला. बाई इतक्या मऊ बोलल्या म्हणजे त्यांनी दुसरा माणूस बघितला होता.

पुढचे तीन महिने त्यानं संशयात काढले. मार्चमध्ये बिअर कंपनीकडून एक धिप्पाड पोरगा हातपंप बघायला आला. तो जाता जाता सहज शीळ घालत गेला आणि होरेसची दोन दिवसांची झोप गेली. सव्वीस वर्षांत त्यानं तळघरात चाखण्यापलीकडे एक घोट घेतला नव्हता, आणि चाखलेलं तो थुंकायचा. पण पुरावा काय? पुरावा शिट्टी होती. आता तो तळघरात मुद्दाम मोठ्यानं खोकायचा, मोगरी आपटायचा, पिंपांशी बोलायचा.

"खाली कुणी आहे का तुझ्याबरोबर?" बाईंनी एकदा बारच्या जमिनीतल्या झडपेतून विचारलं.

"नाही बाई. मीच आहे. शुद्धीत."

बाईंनी झडप लावली.

घरी तो आरशासमोर फुंकायचा सराव करायचा. नोरा भाजी चिरता चिरता ऐकायची.

"तुझं वय काय, होरेस?"

"बावन्न."

"बावन्न वर्षांचा माणूस आरशासमोर ओठ पुढे काढून उभा. शेजारच्या मिसेस ड्रॅबल खिडकीतून बघतायत. त्यांना वाटेल तू मला विसरलास आणि स्वतःच्याच प्रेमात पडलास."

"नोकरीचा प्रश्न आहे."

"मग बोल ना त्या बाईशी. तोंड आहे ना तुला? दात नसले तरी तोंड आहे."

होरेस बोलला नाही. बोलणं हे काम नव्हे, असं त्याचं आयुष्यभराचं धोरण होतं. या धोरणानं त्याचं किती नुकसान केलं होतं हे त्याला जून महिन्यात कळायचं होतं.

कवळीला सव्वाचार पौंड पडले. ते ब्रॉडस्टेअर्सला समुद्रावर चार दिवस जाण्यासाठी डब्यात टाकलेले होते. नोरानं डबा स्वतः उघडला आणि म्हणाली, "जा. यंदा तुझ्या दातांवरून वारा घेऊ."

कवळी बसली आणि शिट्टी आली. पण ती जुनी शिट्टी नव्हती. जुनी थोडी ओलसर, धूसर होती. नवी सुईसारखी बारीक, लांब जाणारी, खणखणीत. पहिल्या दिवशी तळघरात ती वाजली तेव्हा होरेस स्वतःच दचकला. मग खूश झाला. आता बाईंना तिसऱ्या मजल्यावर झोपेतही ऐकू येईल, असं त्याला वाटलं. वरून धप्प आवाज आला, एकदा नव्हे, तीनदा. शाबासकीच ती, होरेस समजला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लंडन भाजून निघालं. तळघर तापलं की बिअर बिघडते. होरेसनं फरशीवर पाणी मारलं, पिंपांवर ओली गोणपाटं टाकली, तरी पारा उतरेना. थिएटरकडच्या भिंतीत छातीच्या उंचीवर एक जुनं भोक होतं, हातभर रुंद. पूर्वी तिथून बिअरचे चंबू सरळ रंगमंचाखाली पोचवले जात. पुढं कामगार पडदे वाकडे सोडायला लागले म्हणून थिएटरवाल्यांनी तिथं फळी ठोकली होती. होरेसनं बुधवारी दुपारी ती फळी उचकटली. पलीकडून गार हवा आली. रंगमंचाखाली ऊन कधी पोचतच नाही. आपल्या डोक्याचं होरेसला फार कौतुक वाटलं.

बुधवार. दुपारचा प्रयोग. तीनला पब बंद झाला होता, बाई वर पडल्या होत्या. होरेसनं चार नंबरच्या पिंपाची खुंटी बदलायला घेतली आणि खलाशांचं गाणं सुरू केलं.

पॅरागॉनमध्ये त्या महिन्यात खाणकामगारांच्या घरातलं एक गंभीर नाटक चाललं होतं. तिसऱ्या अंकात म्हातारी आई मरते. मरायला तिला अकरा मिनिटं लागायची. मिस थोरल्ड नावाची जुनी नटी ते काम करायची, आणि प्रेक्षकांत रुमाल निघायचे. वर माळ्यावर दोरांपाशी सायलस बोन बसलेला. एकाहत्तर वर्षांचा, कोवळ्या वयात जहाजावर गेलेला, तिथून थिएटरात आलेला. पॅरागॉनचे दोर अजून तागाचे, हातानं ओढायचे. उकाड्यामुळे रंगमंचाखालची सगळी दारं सताड उघडी होती.

भिंतीतून शिट्टी आली. एक लांब, एक आखूड.

सायलसच्या तरुणपणी या खुणेचा अर्थ होता, सोड. दिव्याकडे बघायच्या आधी त्याच्या हातांनी सोडलं. नाताळच्या मुलांच्या नाटकातला एक पडदा कंटाळ्यामुळे कुणी काढला नव्हता, तो वरच टांगलेला होता. समुद्रतळाचा राजवाडा. मध्यभागी खोलीएवढा जांभळा अष्टपाद, डोक्यावर मुकुट, तोंडावर हसू. तो मरणाऱ्या आईच्या पलंगामागे सावकाश उतरला.

तळघरात होरेसला भिंतीपलीकडून हशा ऐकू आला. सातशे माणसांचा. नाटक सुधारलं वाटतं, असं त्याच्या मनात आलं, आणि बरं वाटून त्यानं पुढची ओळ जोरात वाजवली.

वर सायलसनं शिव्या देत पडदा अर्धा ओढला होता. लांब, आखूड. हात पुन्हा सुटले. अष्टपाद पुन्हा खाली आला.

साडेपाचला पेलिकनचं दार उघडलं तेव्हा पहिल्यांदा आत आले ते पॅरागॉनचे मुख्य मिस्त्री लेनर्ड हिब्स, त्यांच्यामागे सायलस आणि बाकीचे सगळे. कुणी बिअर मागितली नाही. हे पेलिकनमध्ये युद्धातसुद्धा झालं नव्हतं.

"शिट्टी कोण वाजवतं?" हिब्स म्हणाले.

"होरेस," मिसेस क्रॅडक म्हणाल्या. "रोज वाजवतो. का?"

"रोज?" हिब्सनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "बाई, सव्वीस वर्षं आम्ही त्या शिट्टीच्या डोक्यावर बसून पितोय?"

"म्हणूनच गेल्या वर्षीचं ते नाटक पडलं," मागून एकजण म्हणाला. "आणि माझा अंगठा."

"अंगठा तू स्वतः चेपलास, रूब."

"शिट्टीमुळे चेपला."

होरेस तळघराच्या जिन्यात उभा होता. अर्धा वर, अर्धा खाली. हातात मोगरी. सायलसनं त्याला बघितलं.

"वर ये, पाखरा," सायलस म्हणाला. "दोनदा! एकदा ठीक आहे, माणूस चुकतो. दोनदा खाली आणलास तो राक्षस. मिस थोरल्ड डोळे मिटून मेलेल्या, हशा ऐकून त्यांनी एक डोळा उघडला, मागं बघितलं आणि पुन्हा मेल्या. बेचाळीस वर्षांच्या नोकरीत माझे हात कधी चुकले नव्हते."

"मी तर खाली होतो," होरेस म्हणाला. आपलंच बोलणं त्याला अगदीच पांगळं वाटलं.

हिब्सनी बारवर हात टेकले. "बाई, साधी गोष्ट आहे. शिट्टी बंद. नाहीतर आम्ही तेवीस जण उद्यापासून कोपऱ्यावरच्या 'थ्री क्राउन्स'मध्ये बसणार. तिथली बिअर साबणाच्या पाण्यासारखी आहे, पण तिथं डोक्यावर काही पडत नाही."

बाई होरेसकडे वळल्या. सगळे होरेसकडे वळले. जन्मात इतक्या माणसांनी एकदम त्याच्याकडे बघितलं नव्हतं. शिट्टी चालू ठेवावी तर पबची तेवीस गिऱ्हाइकं जातात. बंद करावी तर त्याचा शब्द जातो, आणि शब्दाबरोबर तळघर. सव्वाचार पौंडांची कवळी तोंडात जड झाली.

"बाई," तो म्हणाला, "मी बंद करीन. पण मग तुम्हाला कळणार कसं?"

"काय कळणार?"

"मी पीत नाही ते."

मिसेस क्रॅडकनी हातातला पेला खाली ठेवला.

"मला कशाला कळायला हवं?"

"साहेबांची अट होती. शिट्टी थांबली की पाय आपटायचे. तुम्हीही आपटता. सकाळी, रोज."

"मी पाय आपटते?" बाई म्हणाल्या. "होरेस, मी टेबलावरच्या खुर्च्या खाली उतरवते. सकाळी. रोज."

बारमध्ये कुणीतरी खोकलं.

"बार्नबी गेला त्याच आठवड्यात मी झडप उघडून तुला सांगितलं होतं, पुरे झाली ती शिट्टी, बंद कर. अकरा वर्षं झाली. तू वाजवत होतास, तुला ऐकूच आलं नाही. मला वाटलं, ऐकलंय आणि तरी वाजवतोय, म्हणजे याला आवडत असेल. कामाला चोख माणूस, एवढी एक खोड असू दे म्हटलं. मी कानांत कापूस घालायला लागले. तुझे दात गेले तेव्हा मी चर्चमध्ये मेणबत्ती लावली रे! म्हणून म्हटलं, घाई करू नकोस."

आधी सायलस हसला. मग रूब, चेपलेला अंगठा विसरून. मग सगळे. होरेस जिन्यात उभा राहून हिशोब करत होता. अकरा वर्षं, आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे सात तास. एवढी मेहनत त्यानं दुसऱ्या कशावर केली असती तर एव्हाना त्याला वाद्यवृंदात घेतलं असतं. निदान दाराशी तरी उभं केलं असतं.

"पण दुपारच्या प्रकाराचं प्रायश्चित्त राहिलंच," हिब्स म्हणाले. "रीत ती रीत."

रीत अशी होती. थिएटरच्या हद्दीत शिट्टी घालणाऱ्यानं मागच्या दारी जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचं, दार वाजवायचं आणि आत यायची परवानगी मागायची. मग सगळ्या कामगारांना एकेक पेला पाजायचा. तळघर ही थिएटरची हद्द नाही, असं बाई म्हणाल्या. भोक उघडलं म्हणजे हद्द झाली, असं हिब्स म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी तो पॅरागॉनच्या मागच्या दारी उभा राहिला. नटांच्या सह्या घ्यायला जमलेल्या मुलींना वाटलं, हा कुणीतरी मोठा विनोदी नट असावा. पहिली गिरकी बरी झाली. दुसरीला पुलाखालच्या बोटीसारखं व्हायला लागलं. तिसरी संपली तेव्हा दार नेमकं कुठल्या बाजूला आहे ते त्याला सांगता आलं नसतं. तो थुंकला आणि थुंकीबरोबर कवळी निघाली. ती त्यानं हवेत झेलली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यानं दार ठोठावलं.

"कोण?" आतून सायलस.

"होरेस टिलबी. आत येऊ का?"

"दात घालून बोल. काही कळत नाही."

त्यानं दात घातले आणि पुन्हा विचारलं. दार उघडलं. दाराशी उभ्या मिस थोरल्डनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तिकीटखिडकीवर आज दहा जणांनी विचारलं, अष्टपाद रोज येतो का म्हणून. मी रोज मरते का, असं एका दिवसात दहा जणांनी कधी विचारलं नव्हतं." एवढं बोलून त्या निघून गेल्या. हे कौतुक होतं की शाप, ते होरेसला कळलं नाही. तो दोन्ही धरून चालला.

गुरुवारचा दिवस होरेसनं सवयीनं पिंपांशी बोलत काढला होता; शुक्रवारी सकाळी तळघरात पहिल्यांदाच शांतता होती. होरेसनं फळी परत ठोकली, पाणी मारलं आणि चार नंबरच्या पिंपापाशी उभा राहिला. काहीतरी आवाज येत होता. बारीक, सूं करून. आधी वाटलं गॅसची नळी. मग त्यानं खुंटीपाशी कान नेला. पिंप श्वास सोडत होतं, आणि ते ऐकू येत होतं. पाच नंबर जरा जोरात, सात नंबर थांबत थांबत. नऊ नंबर गप्प.

नऊ नंबरला त्यानं अजून मऊ खुंटी ठेवली होती, कारण वर फेस दिसत होता. पण फेस जुना होता. आतलं काम केव्हाच थांबलेलं. म्हणजे आदल्या रात्रीपासून पिंप उघड्यावर होतं, बिअर मरत चालली होती. त्यानं कठीण खुंटी मारली. मग तो बाराही पिंपांवरून कान लावत फिरला. दोन पिंपांत त्यानं घाई केली होती, एकात उशीर. सव्वीस वर्षं तो डोळ्यांनी फेस बघून ठरवत आला होता, आणि विचारील त्याला सांगत आला होता की हे काम नजरेचं आहे. ते कानाचं होतं. त्याचे कान त्याच्याच शिट्टीनं बुजलेले होते. तो पायरीवर बसला आणि थोडा वेळ काही केलं नाही. असं बसण्याचा पगार घेऊ नये असं त्याला वाटलं, म्हणून उठून फरशी घासली.

पाच वाजता बाईंनी पगाराचं पाकीट दिलं. साडेपाचला तेवीस जण आले. होरेस पहिल्यांदाच बारच्या अलीकडच्या बाजूला उभा राहिला. हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. मिसेस क्रॅडक पंप ओढत होत्या.

"सवलत?" त्यानं हळूच विचारलं.

"तू गिऱ्हाईक आहेस आज," बाई म्हणाल्या. "आणि गिऱ्हाईक म्हणून नवा आहेस."

तेवीस पेले बारवर लागले. रूबनं मोजले आणि म्हणाला, "आणि तुझा?"

"मी पीत नाही."

"सव्वीस वर्षं शिट्टीनं सांगितलंस ते," सायलस म्हणाला. "आता माणसासारखा पी. तुझी बिअर आहे, का भीती वाटते?"

"कुठल्या पिंपाची आहे?" होरेसनं विचारलं.

बाईंनी झडपेकडे मान वळवली. "नऊ."

होरेसनं चोविसावा पेला घेतला, उजेडाकडे धरला, घोट घेतला. रंग स्वच्छ होता. चव थोडी पडली होती, एका रात्रीएवढी. आणखी कुणाला ती कळणार नव्हती. हिब्सनी ओठ पुसत म्हटलं, "चांगली आहे." होरेसनं मान हलवली. "उद्या याहून बरी असेल. आजची ठीक आहे, चांगली नाही."

एक पौंड सोळा शिलिंग झाले. त्यानं पाकीट फोडून बारवर ठेवले आणि बाईंनी ते गल्ल्यात टाकले.